टिंब पायाशी

मिस मॉल्टबींनी यादी गॅसच्या बिलामागे लिहून दिली.
"एवढी पुस्तकं हवीतच. बाकीची हौस."

लिंकनमधली ती चढाची गल्ली, जिथे
सायकलसुद्धा हाताला धरून न्यावी लागते.
तिथे त्यांच्या दोन खोल्या, आणि भिंतीवर ल्यूट,
पाठ फुगलेली, अर्ध्या चिरलेल्या भोपळ्यासारखी.
मी मिरजेचा. भोपळे वाळताना पाहत वाढलेला.
म्हणून आत शिरलो असेन. नाहीतर हॉस्पिटलात
गोळ्या मोजणाऱ्याचं तिथे काय काम?

पहिलं पुस्तक शिकाऊंचं, तारेत ओवलेलं,
कारण ते स्टँडवर उताणं राहतं.
"बाकीची ऐन वेळी मिटतात. माणसांसारखी."
दुसरं एका जुन्या वहीची हुबेहूब छपाई,
शाईच्या डागांसकट, उंदरानं कुरतडलेल्या कोपऱ्यासकट.
"डागही वाजवायचा का?" मी विचारलं.
"आधी वाचता तर येऊ दे."
तिसरं टेबलाच्या मधोमध ठेवायचं:
एकाच पानावर चार दिशांना तोंड केलेल्या ओळी,
ज्यानं त्यानं आपापल्या बाजूनं बसायचं.
मी ते एकट्यानं विकत घेतलं.
तीन बाजू नेहमी वाकड्या दिसायच्या.
चौथं महाग होतं. पाचवं मिळेना.
मिळालं ते यॉर्कच्या एका दुकानात,
आत कुणाची तरी दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, वेळ साडेतीन.

लिपी अशी: सहा रेघा, म्हणजे सहा जोडतारा.
रेघेवर अक्षर. ए म्हणजे मोकळी सोड. बी म्हणजे पहिला पडदा.
सूर कुठला, हे कुणीच सांगत नाही.
बोट कुठे, एवढंच.
पुढचा येईपर्यंत आधीचा धरायचा की सोडायचा,
ते तुझं तू बघ.
अक्षराखाली टिंब असेल तर तर्जनी,
नसेल तर अंगठा.
आमच्याकडे टिंब डोक्यावर देतात आणि शब्द नाकात जातो.
इथे ते पायाशी, आणि बोटच बदलतं.
तीन वर्षं मी त्या टिंबाशी भांडलो.

तारा आतड्याच्या. मेंढीच्या.
घरी फोनवर हे सांगितलं नाही.

मग त्यांचे सांधे आल्याच्या गड्ड्यांसारखे झाले.
खोल्या विकल्या. ल्यूट भाचीनं नेलं.
पुस्तकं माझ्याकडे आली, म्हणजे यादीतलं सगळं
आता दोन दोन.
त्यांच्या प्रतींत पेन्सिल: घाई नको.
पुढच्या पानावर: घाई नको म्हटलं ना.
एका ठिकाणी चुकीचं छापलेलं अक्षर खोडून
बाजूला फक्त, मूर्ख.

रविवारी केअर होममध्ये गेलो.
बोलणं जवळजवळ संपलेलं. टीव्हीवर घोडे धावत होते.
पण त्यांचा डावा हात पांघरुणावर हलत होता.
मी उगाच बघत राहिलो, आणि हळूहळू
त्या चौकड्यांच्या ब्लँकेटवर सहा रेघा दिसल्या.
ए. सी. डी. पुन्हा ए.
करंगळी ताणून, थोडं कण्हून, एफ.
पाचवं पुस्तक. पान एकोणीस.
आवाज असता तर कदाचित मला ओळखू आलं नसतं.
उजवा हात: अंगठा, तर्जनी, अंगठा.
टिंबं जागच्या जागी.

आणि थांबल्या.
विसरल्या, मला वाटलं. नर्सनं चहा ठेवला, गेली.
बोटं शेवटच्या अक्षरावर तशीच दाबलेली,
नखं पांढरी.
मग कळलं. पान संपलं होतं.

मी पुढे वाकलो आणि हवेत,
उजव्या खालच्या कोपऱ्याला धरून,
तिथे नसलेलं पान उलटलं.

"उशीर," त्या म्हणाल्या,
आणि पुढे निघाल्या.