दीड बोट

जुलै लागला की आठ पुरुष माझ्या दुकानात
अनवाणी उभे राहतात, भिंतीला पाठ लावून.
मी टेप खांद्याशी धरतो. डोक्याची उंची
फोटोला लागते, संताला लागतो खांदा.

संत लॉरेन्स, लाकडाचा, सहाशे किलो,
त्यात हातातली लोखंडी जाळी धरलेली नाही.
जाळीवर भाजला गेला म्हणूनच की काय
त्याचं फेस्त ऐन ऑगस्टात येतं,
गोझोतला दगडसुद्धा सावली शोधतो तेव्हा.

आठ खांदे एका पातळीत हवेत.
एक जरी खाली गेला तर संत लंगडतो,
आणि शेजारच्या गावाचं बँडपथक
त्या लंगडण्यावर वर्षभर चाल बसवतं.
म्हणून मी. चामड्याची चकती, चुका, सरस.
नाझ्झूला पाव बोट, चेन्सूला अर्धं,
बेकरीवाल्या सालवूला काहीच नाही,
तो जन्मतःच मापात.

विस्तीन पुढच्या दांडीला, डावीकडे, एकतीस वर्षं.
त्याच्या डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजायची.
मी विचारलं नाही, तो बोलला नाही.
यंदा फेब्रुवारीत, संत ब्लेझच्या दिवशी,
गळ्याला दोन मेणबत्त्या लावून घेऊन
आशीर्वाद घेऊन घरी गेला,
आणि रात्री छातीने दगा दिला.
'गळा मात्र ठणठणीत होता,' कार्मनी म्हणाली.
हसली. मग मार्च संपेपर्यंत नाही.

फादर म्हणाले, बापाची जागा मुलाची.
मेलबर्नहून लिओनार्द आला, तिकडचा लेनी.
दुकानात शिरताना दारावरची घंटा
त्याच्या कपाळाला लागून वाजली.
टेप लावला. चष्मा पुसून पुन्हा लावला.
सालवूच्या वर दीड बोट.

चामडं चिकटवता येतं,
माणूस तासता येत नाही.
'मी गुडघ्यात वाकेन,' मोडक्यातोडक्या माल्टीत तो म्हणाला.
तीन तास? त्या चढावर?

एकाला खाली आणता येईना,
म्हणून मी सातांना वर उचललं.
पाच रात्री. चौदा बूट.
सालवूला आयुष्यात पहिल्यांदा तळ लागला,
तो आरशात स्वतःला ओळखेना.

दहा ऑगस्ट. लाल दमास्क, तुतारी, दारूचा धूर,
गच्च्यांवरून कागदाचे कपटे इतके
की पाद्रीबाबांच्या टोपीत घरटं झालं.
सगळं गाव वर बघत होतं.
मी खाली बघत होतो. धंदाच तसा.
सोळा बूट, एकच पाऊल,
आणि पुढे डावीकडे एक टाच
किंचित बाहेर पडत होती.
बाल्कनीत कार्मनी, काळ्या कपड्यात,
नुगाची पुडी न उघडता.
तीही खाली बघत होती.

पुढे कित्येक आठवडे सात माणसं
दीड बोट उंच चालत होती गावात.
चेन्सूला शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडची अंजिरं दिसू लागली,
त्यावरून भांडण झालं, फादरांपर्यंत गेलं.
नाझ्झूच्या बायकोने सगळ्या विजारींची शिवण उसवली.
स्वर्ग दोन बोटं उरला असं लोक म्हणतात ना,
त्यातलं दीड मी दिलं होतं, उधारीवर.

पंचवीस ऑक्टोबर. संत क्रिस्पिन, चांभारांचा.
आमच्या चर्चमध्ये त्याची मूर्ती नाही, कोनाडाही नाही,
पंचांगात बारीक अक्षरांत अर्धी ओळ.
त्या दिवशी ते बूट घेऊन येतात, तळ काढायला.
मी चुका उपसतो, ते वाईन ओततात,
चेन्सूच्या पोराने उरलेला एक बाण
भर दुपारी सोडला. आवाज झाला,
उजेड कुणाला दिसला नाही.

सालवू आलाच नाही. 'बघू,' म्हणाला होता.

शेवटी कार्मनी. हातात लेनीचे बूट,
तो इथेच ठेवून गेलेला जोड.
'याला मी काही लावलं नव्हतं,' मी म्हटलं.
'माहीत आहे,' ती म्हणाली.
'नुसतं पॉलिश कर.
टाचेला हात लावू नकोस.'