गुरुवारी बंद

पावतीपुस्तक माझ्याकडे, बोलणं निनादकडे,
असं ठरलं होतं.
त्याचा आवाज चांगला. माझं अक्षर.

जांभळी नाक्यापासून सुरुवात केली.
सुकामेव्याच्या दुकानात शेठ म्हणाले, रेडिओ? अजून असतो?
चष्म्याच्या दुकानात आम्हा दोघांचे नंबर तपासून झाले, फुकट,
आणि पैशांचा विषय निघताच मालक जेवायला गेले
ते साडेचारपर्यंत.
राम मारुती रोडवरच्या साडीवाल्याने विचारलं,
"रेडिओवर साडीचा रंग कसा दाखवणार?"
निनाद गप्प.
मी म्हटलं, "सांगू ना. पिकल्या चिंचेचा, असं सांगू."
ते हसले. चहा पाजला. पावती फाटली नाही.

महिन्याला आठ हजार हवे होते.
ट्रान्समीटरची वीज, मिक्सरचं तुटलेलं बटण,
शर्वाणीने आधीच उसने दिलेले बाराशे.
प्राचार्य म्हणाले होते, मार्चपर्यंत बघा,
नाहीतर त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन येईल.

उथळसरच्या गल्लीत पोचलो तेव्हा
निनादचा आवाज बसला होता,
म्हणून पहिल्यांदा मीच बोलले,
तेही ओरडून, कारण गिरणी चालू होती.
इंदुमती केणी. भुवयांवर पीठ.
त्यांनी हात वर केला, खटका पाडला,
आणि अख्खी गल्ली एकदम ऐकू आली.

"किती लांब जातं तुमचं हे?"
"पाच किलोमीटर. वारा असेल तर सहा," निनाद घोगरं बोलला.
वाऱ्याचं त्याने तिथल्या तिथे बनवलं होतं.
"पाच पुष्कळ झाले.
माझी गिऱ्हाइकं दळण डोक्यावरनं आणतात."

आम्ही तयार मजकूर वाचून दाखवला,
केणी पीठ गिरणी, विश्वासाचं नाव, घरच्यासारखं...
"ते नको. पीठ कसं आहे ते भाकरी सांगेल.
एवढंच सांगा, गुरुवारी बंद असते.
पाटी लावलीय, पण निम्म्यांना वाचता येत नाही,
उरलेले वाचत नाहीत.
दहा किलोचा डबा घेऊन येतात, उन्हात परत जातात.
मला घरी बसून ते दिसतं."

सातशे रुपये. दहा-वीसच्या नोटा, पिठाने भरलेल्या.
मोजता मोजता बोटं पांढरी झाली,
पावतीवर सहीच्या शेजारी माझा अंगठा उमटला.

बुधवारी संध्याकाळी सहाला निनादने वाचलं.
मागे संगीत नाही, काही नाही.
"उथळसरची केणी गिरणी उद्या गुरुवारी बंद आहे.
डबे शुक्रवारी आणा."
नऊ सेकंद.
दहाव्याचं काय करावं ते कळेना,
तो रिकामा सोडला.

नंतर कळलं, बाईंनी तेवढ्यासाठी
ज्वारी अर्धी दळलेली असताना खटका पाडला होता
आणि रांगेतल्या सगळ्यांना दम भरून गप्प बसवलं होतं.

गुरुवारी तास बुडवून मी मुद्दाम गेले.
दहा ते एक, समोर सायकलवाल्याच्या फळीवर.
शटर खाली. पायरीवर ऊन.
कुणी आलं नाही.
एकही डबा नाही, पिशवी नाही.
ऐकलं असेल म्हणून, किंवा ऊन फार होतं म्हणून,
किंवा त्या दिवशी कुणाचंच पीठ संपलं नव्हतं.
एक मांजर तेवढं आलं, पायरी हुंगून गेलं.
ते आम्ही श्रोत्यांत धरलेलं नाही.

अहवाल द्यावा लागतो.
शर्वाणीने रकाना आखला होता :
जाहिरातीमुळे आलेली गिऱ्हाइकं.
मी शून्य लिहिलं.
मग तेच पुन्हा गिरवलं,
जरा मोठं, रकान्याबाहेर जाणारं,
डब्याच्या झाकणासारखं गोल.