तिसऱ्या भेटीत

हेडली पार्डीकडे तिसऱ्यांदा गेले तेव्हा
किटली आधीच चढवलेली होती
आणि माझे कागद टेबलावर, मागच्या खेपेला ठेवले तसेच,
वर मिठाची बरणी.
वाऱ्याने उडू नयेत म्हणून
की मी उघडू नयेत म्हणून, कोण जाणे.

सेंट जॉन्सच्या जोडप्याने देऊ केलेला आकडा
त्याने एकदा मोठ्याने वाचला,
दुसऱ्याच कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट वाचावा तसा.
"वाईट नाही," म्हणाला.
मग खिडकीबाहेर पाहत राहिला.
खाडीत एक हिमखंड तीन दिवस टेकून बसला होता,
त्यालाही निघायचं होतं की नव्हतं.

आमच्या धंद्यात शिकवतात,
गिऱ्हाईक डळमळलं की बोलत राहा.
मी गप्प बसले.

मग त्यानेच काढलं:
हे घर इथलं नाहीच.
समोरच्या बेटावरचं. सदुसष्ट साली वस्ती उठली,
तेव्हा बापाने याच्याखाली ओंडके सरकवले,
दोन्ही अंगांना रिकामी पिंपं बांधली,
आणि भरतीवर सोडून दिलं, सहा होड्यांच्या मागे.
"आई चूल विझवेना.
सगळी वाटभर धुराड्यातून धूर.
मी नऊ वर्षांचा, वरच्या खिडकीत.
एक कप फुटला. एकच."

जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर
पाण्याची रेघ दाखवली त्याने.
रंगाचे सात हात बसलेत तिच्यावर,
बोट फिरवलं की लागते.

किती खोल्या तापवता, गुडघे काय म्हणतात,
ओन्टॅरिओतली लेक काय म्हणते,
हे सगळं पहिल्या दोन भेटींत विचारून झालं होतं.
आज एवढंच विचारलं:
तिकडे, घर उचललं त्या जागी, आता काय आहे?

"खळगा," तो म्हणाला. "आणि आईचं रुबार्ब.
दर वर्षी येतं. कुणाला विचारत नाही."
हसला, मग हसणं अर्ध्यातच आवरलं.

चहा संपला. बरणी उचलली त्याने.
सही केली नाही.
माझंच पेन घेऊन जाहिरातीच्या मसुद्यातलं
'समुद्र दिसणारं घर' खोडलं,
वर लिहिलं, 'समुद्र पाहिलेलं घर'.
"त्यांना फेब्रुवारीत यायला सांग.
आठवडाभर राहिले, तर बोलू."

गाडीत बसून मी कमिशनचा हिशेब केला,
मग महिने मोजले बोटांवर.
आरशात धुराडं दिसत होतं.
जून होता,
तरी चूल पेटलेली.