घंटेचा सराव

लोकमान्य नगरच्या शाळेबाहेर
परवा उभी राहिले चोरासारखी,
फोन फाटकाशी धरून.
चौकीदार म्हणाला, "किसका इंतजार है, मैडम?"
म्हटलं, घंटेचं.

ती आता आमच्या घरात वाजते.
पहिल्यांदा रजईच्या आत, मुंगीएवढी.
मग बाथरूमचं दार लावून.
काल राजसच्या जागेत,
कपाट आणि गादीमधल्या त्या हातभर फटीत,
जिथे मलाही विचारून यावं लागतं.
त्याने कान गच्च झाकले.
बऱ्याच वेळाने
एका कानावरचं एक बोट उचललं.

शर्ट सात वेळा धुतलाय, कॉलरचं लेबल उसवलंय.
पोहे एका डब्यात, शेव दुसऱ्या,
दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही.
फॉर्मवर 'मूल बोलतं का?' याच्यापुढे
बोटभर रेघ होती.
मी समासात लिहीत गेले, मग पान उलटलं.

सकाळी कचऱ्याची गाडी वळायच्या आत
तो तिची चाल गुणगुणतो, तिच्याच पट्टीत,
जणू तोच तिला बोलावतो.

आज गाडी गेली तरी
खिडकीतून हलला नाही.
आणि तोंडातल्या तोंडात
घंटा,
चौकीदाराच्या खोकल्यासकट.