टीपकागद

पानभर माणसं असायची, आणि आमच्या वाट्याला
त्यांच्यातला एकेकच रंग.
ब्रिजपोर्टला, बंद पडलेल्या कोर्सेट-कारखान्याच्या वरच्या मजल्यावर
अठरा जणी, अठरा दिवे, पारदर्शक फिल्म.
मी पिवळा करायची. बर्निस निळा.
डबीतलं रोगण मात्र सगळ्यांचं एकच, विटकरी;
पिवळा आहे असं मी आपलं मानून चालायचं.
पाव, अर्धा, पूर्ण, तीनच मात्रा.
तेवढ्यात गालही बसवायचे आणि आगही.

अडुसष्ट साली ती आली. ब्लॉटर.
मुठीत वीज नाही, पाठीवर झूल नाही,
उडणं तर सोडाच, पान चारवर तिची बस चुकते.
कुणाला हात लागला
की त्याचं जे काही असेल ते हिच्यात उतरायचं,
टीपकागदात शाई उतरते तसं,
उलटं, आरशात धरून वाचावं लागेल असं.

तिसऱ्या अंकात बँकेत एक जण शिरतो,
पोलादी जबडा, दोन्ही खांद्यांवर तोफा.
ही जाते, त्याचं कोपर धरते
आणि मटकन खाली बसते, गाल दाबून.
त्याची दाढ ठणकत असते. चार महिने.
पोलादातून आत बघणारा डॉक्टर मिळालेला नसतो.
पुढचं अख्खं पान
ती दोघं नुसती फरशीवर बसलेली.
मला हसू आलं होतं. बर्निसला नाही.

बर्निस कोवाल्चिक. नऊ वर्षं माझ्या उजव्या हाताला.
डब्यात राईचा ब्रेड आणि कांदा, बोलणं हवेपुरतं.
तिच्या रेमंडची पत्रं दा नांगहून यायची.
फेब्रुवारीत मग दोघे गणवेशातले आले,
बर्फामुळे गाडी लावायला जागाच मिळेना त्यांना,
दोन फेऱ्या मारल्या, असं शेजारीण सांगत होती.
सोमवारी बर्निस कामावर.
ब्रश धुतला, टोक ओठांनी जुळवलं.
सतरा जणींनी आपापला दिवा जरा खाली ओढला.
कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.
हात एवढ्या अंतरावर होता.

अकरावा अंक, पान एकोणीस.
खाणीच्या फाटकाशी बायका ताटकळलेल्या,
ब्लॉटर एकीच्या पाठीवर हात ठेवते.
संवादाचा फुगा नाही.
हातमोज्यावर खूण होती : निळा, पाव.
बर्निसने तो पूर्ण भरला.
आणि थांबली नाही. मनगट, कोपर, दंड,
पार चौकटीची रेघ लागेपर्यंत.
ओलं विटकरी रोगण ते,
बघणाऱ्याला त्यात निळं काय दिसणार.

मी कापूस घेतला.
माझ्या फिल्मवरचा तोच हात पुसून काढला,
खाली पिवळा राहिला असता तर निळ्याचा हिरवा झाला असता.
पलीकडून लालवाली फिलोमेना
मान वर न करता म्हणाली, कापूस दे इकडे.

मिस्टर ह्यूलेटनी तिन्ही फिल्मा दिव्यासमोर धरल्या.
हा हात कुणी असा केला?
अठरा ब्रश चालत राहिले.
त्यांनी घड्याळ बघितलं. खाली गाडी उभी होती.

बारा सेंट. औषधाच्या दुकानात, तारेच्या फिरत्या रॅकवर.
एक पोरगा उभ्यानेच वाचत होता,
एकोणीसवरून पुढे गेला,
मग बोट ओलं करून परत मागे आला.
मी दोन प्रती घेतल्या.

चौदाव्या अंकाला ब्लॉटर बंद. खप नव्हता.
हे टिपलेलं सगळं ती नेते कुठे
ते लेखकाने सांगितलंच नाही,
त्यालाही माहीत नसावं.

दुसरी प्रत मी बर्निसच्या डब्याखाली ठेवली होती.
जेवणाच्या सुट्टीत तिने ते पान काढलं,
बराच वेळ बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.
"फाटकाचा लाल सरकलाय," म्हणाली,
आणि अर्धा ब्रेड, कांद्यासकट,
माझ्याकडे सरकवला.