तेवीस सी

गुरुवारी दुपारी आम्हाला सुट्टी.
बारीच्या स्टेशनजवळच्या बागेत
आम्ही जॉर्जियाच्या बायका जमतो,
इथल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या, डायपर, जागरणं
चार तासांपुरती मागे ठेवून.

तिकिटाचं कुणाचं काही अडलं की नाझिब्रोला.
कुतैसीच्या शाळेत ती भूमिती शिकवायची,
अजून बोलते तशीच:
आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता.

थेट विमान शोधू नका, म्हणते.
वॉर्सा बघा, अथेन्स बघा,
बाकावर एक रात्र काढायची तयारी असली
की साठ युरो सुटतात.
मंगळवारी स्वस्त असतं हे थोतांड.
सणाच्या दुसऱ्या दिवशी बघा,
लोक जेवून सुस्त पडलेले असतात तेव्हा.
पैसे भरताना यंत्र विचारेल, युरोत की लारीत,
त्याच्या गोड बोलण्याला भुलू नका.
जागा निवडायचे पैसे देऊ नका,
ढग कुठूनही ढगच.
आणि बॅगेत मावत नाही ते अंगावर घाला.

(मी भर जूनमध्ये तीन स्वेटर घालून गेले होते.
पोलिसाने विचारलं, बरं वाटत नाही का?)

अशी तिनं अकरा जणींना घरी पाठवलं.
स्वतः चार वर्षांत गेली नाही.
नातू फोनमध्येच रांगला,
फोनमध्येच उभा राहिला,
आता फोनमधून विचारतो, तू कोण?

जानेवारीतल्या एका रात्री, साडेतीनला,
तिचा म्हातारा रोक्को जागा झाला.
अद्दोलोराता, पाणी!
अद्दोलोराता म्हणजे त्याची बायको,
जाऊन अकरा वर्षं झाली.
पहिली काही महिने नाझिब्रोला सांगायची,
मी ती नाही. मग सोडून दिलं.
रात्री त्या नावाला ओ देणं
तिच्या पगारातच धरलेलं होतं.

एका हातात पेला, दुसऱ्यात फोन,
आणि फोनवर एकोणतीस युरो.
बारी ते कुतैसी, थेट.
या भावात एकच जागा शिल्लक.
अंगठ्यानं तिनं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं,
पैसे भरले, म्हाताऱ्याचं तोंड पुसलं.

सकाळी पाहते तर तिकीट
अद्दोलोराता गोगोखिया हिच्या नावावर.

नाव बदलायचे एकशे पंधरा.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
बागेत ती हे सांगताना इतकी हसली
की लामारानं तिला पाणी दिलं.
आम्ही म्हटलं, वर्गणी काढू, दहा-दहा टाकू.
ती म्हणाली, नको.
जिचं तिकीट आहे तिला जाता येत नाही,
जिला जाता येतं तिचं तिकीट नाही.
इति सिद्धम्.
आणि तिथंच बसून तिनं मे महिन्याचं शोधलं,
वॉर्साच्या बाकावर नऊ तास, चौसष्ट युरो.
या खेपेला नाव तिनं तीनदा वाचलं,
मोठ्यानं, स्वतःचंच.

पण एक गोष्ट तिनं आम्हाला उशिरा सांगितली.
अठरा फेब्रुवारीच्या विमानाचं
तिनं चेक-इन करून टाकलं होतं. फुकट होतं, म्हणून.
जागा मिळाली तेवीस सी.
तंबाखूच्या दुकानातून वीस सेंटला
छापून घेतला तो कागद.

त्या सकाळी रोक्कोला दाढीचा साबण लावताना
वरून विमान गेलं.
अद्दोलोराता कुठंय? त्यानं विचारलं.
गेली, ती म्हणाली, सहा दहाच्या विमानानं, कुतैसीला.
तिला विमानाची भीती वाटते.
कडेची जागा आहे. खाली बघावं लागणार नाही.

म्हातारा साबणाच्या तोंडानं बराच वेळ गप्प.
मग, किती पडले?
एकोणतीस.
एकोणतीस, त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं,
परतीचं धरून?

मग काय सांगितलंस, आम्ही विचारलं.
नाझिब्रोलानं उत्तर दिलं नाही.
ईस्टरचं कुणाला हवंय, म्हणाली,
आणि चष्मा पुसून
फोन उघडला.