नकाशातले दोन बाण

आर्देशच्या नकाशात मोठे रस्ते लाल,
मधले पिवळे,
आणि ज्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही ते पांढरे.
मी पांढरे निवडते.
चढ कडक असेल तिथे छापणाऱ्यानं बाण काढलेत.
एक बाण : बोलत बोलत चढाल.
दोन : बोलणं थांबेल.

सकाळी सातला ला फाज सोडलं.
पावाची गाडी हॉर्न देत खाली गेली, मग तासभर
नुसता चेनचा आवाज
आणि एका दात्यावर दर फेऱ्याला येणारी टिक्,
जी दुरुस्त करायची म्हणून तीन वर्षं राहिलीय.
मार्च संपत आला तरी चेस्टनट उघडेच,
खाली गेल्या सालची काटेरी बोंडं,
चाकाखाली येतात, फुटतात, आत काही नसतं.
एका गाईनं रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं,
मी ओलांडून जाईपर्यंत थांबली,
मग चालू केलं.

दुसऱ्या बाणाशी उतरले.
खोटं कशाला सांगू, ढकलत नेली.

वर दफनभूमी आहे.
या बाजूचे सायकलवाले जाणून असतात,
गावाला टाळं असेल, कॅफेला टाळं असेल,
मेलेल्यांचा नळ चालू असतो.
'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी होती.
'ती पाटी नगरपालिकेसाठी,' सोलांज म्हणाली,
'मी सत्तर वर्षं पितेय.'
हातात झारी, पायात मुलाचे जुने बूट.
पाणी इतकं गार की दात कळवळले.

'पुढे कुठे?'
'मोंफ्रे.'
'रस्ता वाहून गेलाय. हिवाळ्यात दरड आली.
मोटारीला खालून वळसा, चाळीस किलोमीटर.'
मग सायकलकडे बघत,
'ही जाते?'
'उचलून घेतली तर जाते.'

एप्रनच्या खिशातून तिनं फडक्यात गुंडाळलेलं काढलं.
कलम करायची सुरी. शिंगाची मूठ, बापाची.
'मोंफ्रेत पहिलंच घर. फिरमँ. माझा भाऊ.
आठ वर्षांपूर्वी इथे विसरून गेला.'
झारी पुन्हा नळाखाली धरली.
'विसरला की टाकून गेला, ते मला विचारू नका.'

दरडीवर सायकल खांद्यावर,
पायडल बरगडीत,
बुटाखाली पाटीचा दगड पत्त्यांसारखा सरकतो.
बकऱ्यांनी एक वाट पाडली होती, तीच धरली.
पलीकडे डांबर पुन्हा सुरू झालं
जसं मधे काही झालंच नाही.
आणि मग उतार.
उतार कुणाच्या बापाचा नसतो.
डोळ्यांतून पाणी, कानांत वारा,
पाठीच्या खिशात सुरी
प्रत्येक वळणावर मणक्याला आठवण करून देत.

फिरमँ दारात कांदे निवडत बसला होता.
फडकं सोडलं.
पातं उघडलं, अंगठ्यावर फिरवलं, हुंगलं.
'तेल लावलंय,' म्हणाला.
बाकी काही विचारलं नाही.
मी सांगायला तयार होते, बूट, झारी, सत्तर वर्षं,
पण तो उठून घरामागे गेला
आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

आला तेव्हा हातात चेस्टनटच्या पाच काड्या,
ताज्या कापलेल्या, डोळे अजून मिटलेले,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळी बांधली.
'आठवडाभर टिकतील. परत त्याच वाटेनं ना?'

मला जायचं होतं खाली, नदीकडे.
तिथे खोली सांगून ठेवली होती,
संध्याकाळी सूप मिळणार होतं.
नकाशा उघडला.
या बाजूनं त्याच रस्त्यावर बाण तीन होते.

'हो,' म्हणाले.
काड्या हँडलला बांधल्या.
'पण कलम बांधायला त्यांना सुरी लागेल.'
'लागेल,' फिरमँ म्हणाला,
पातं मिटलं
आणि सुरी स्वतःच्या खिशात टाकली.